विरोधी बाकावरची वच्छी

वच्छी,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. तुझ्या फोटोशेजारी बसलेल्या भावजींनी दोनदा खूण केली, तुझ्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी माईक हातात आणून दिला, तरी मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, सेलीनबाईंना भरून आलं. तसं नव्हतं गं. माझ्याआधी जे बोलले त्यांनी तुला शांत म्हटलं, संयमी म्हटलं, एकाने तर मृदुभाषी म्हटलं, आणि शेवटी आपले दळवीसर उठले आणि म्हणाले, "वत्सलाताई अजातशत्रू होत्या." मी पदर तोंडाला लावला तो हसू दाबायला. तू असतीस तर जागेवरून उठून हरकत घेतली असतीस. शत्रू तू पारखून केलेस आणि एकेकाला शेवटपर्यंत सांभाळलंस. त्यातले निम्मे त्या दिवशी पुढच्या रांगेत बसले होते, आणि खरं सांगू, तेच जास्त रडत होते.

म्हणून आठ दिवसांनी हे लिहायला बसलेय. तुझी भाषणं, तुझे प्रश्न, तुझी निवेदनं इतकी वर्षं मीच लिहिली आणि तू ती लाल पेनाने खोडलीस. "सेलू, हे फार गोड झालंय," असं म्हणून अर्धा परिच्छेद उडवायचीस. या वेळी खोडायला तू नाहीस. त्यामुळे मला हवं तेवढं गोड लिहिता आलं असतं, पण हात वळत नाही. तुझी सवय लागलीये.

आपण दोघी वसईच्या दोन टोकांच्या. तू जूचंद्रची, मिठागरात राबणाऱ्या घरातली. मी पश्चिमेकडच्या केळीच्या वाड्यांतली, संध्याकाळी रोजरीची प्रार्थना म्हटल्याशिवाय ताट न वाढणाऱ्या घरातली. अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसलो म्हणून ओळख झाली. पहिल्याच आठवड्यात तू पाठ घेताना फळ्यावर 'पाणी' लिहिलंस आणि तोंडाने 'पानी' म्हणालीस. वर्ग हसला. बाईंनी तुला उभं करून तो शब्द वीस वेळा म्हणायला लावला. तू वीस वेळा स्वच्छ म्हणालीस आणि बसता बसता माझ्या कानात म्हणालीस, "एवढ्या वेलात मना खरंच तान लागली." त्या दिवसापासून आपली मैत्री. माझ्या घरची बोलीही तशी वेगळीच, आमच्या गावाबाहेर कोणाला कळायची नाही. पण मी ती विद्यालयात तोंडातून बाहेर पडू दिली नव्हती. तू पडू दिलीस आणि वर हसलीसही. मला तुझं तेच आवडलं.

पुढे तुळिंजच्या शाळेत दोघी एकाच वर्षी लागलो. दळवीसर मुख्याध्यापक. पत्र्याचे वर्ग, कोकणातली मुलं, देशावरची मुलं, उत्तरेकडची मुलं. आजूबाजूला दर महिन्याला एक नवी इमारत. त्या शाळेत आपण दोघी मास्तरणी म्हणूनच म्हाताऱ्या झालो असतो. पण रेखा आली.

रेखा तिसरीतल्या एका मुलीची आई. चार घरची भांडी घासायची. दिवस भरत आले होते तरी मुलीला न्यायला रोज फाटकाशी यायची. एका दुपारी फाटकातच तिला कळा सुरू झाल्या. दळवीसरांनी आपली गाडी काढली, आपण दोघींनी तिला मागे बसवलं. पहिल्या दवाखान्याने हात वर केले. दुसऱ्याने सांगितलं, मुंबईला न्या. महामार्गावर गाड्या तसूतसूने सरकत होत्या. रेखाचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू तिला वर्गातल्या आवाजात सांगत होतीस, श्वास घे, सोड, घे, सोड. खाडीचा पूल ओलांडायच्या आत तुझा आवाज थांबला. मी पुढच्या सीटवर होते. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. बाळही राहिलं नाही.

पुढच्या सोमवारी अर्धी रजा टाकून तू मला एका कचेरीत ओढत नेलंस. साहेब भले होते. त्यांनी आपल्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. इतक्या इमारती उठतात, मग बायकांचं एक हॉस्पिटल का नाही, असं तू विचारलंस. ते म्हणाले, "बाई, हा विषय इथला नाही. वरचा आहे." वर म्हणजे कुठे, असं तू विचारलंस. त्यांनी मंत्रालय, विधानसभा असं काहीतरी सांगितलं. तू त्यांचे आभार मानलेस आणि जिना उतरताना मला म्हणालीस, "सेलू, वर जावं लागेल."

मला वाटलं, तू अर्ज करण्याबद्दल बोलते आहेस.

तू जो पक्ष धरलास त्याचा झेंडा धरायला तेव्हा आपल्याकडे माणूस मिळत नसे. म्हणूनच त्यांनी तुला तत्काळ घेतलं आणि पुढे उमेदवारीही दिली. नोकरीचा राजीनामा दिलास त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले. आपलं पहिलं मोठं भांडण. घरात भावजींची एकट्याची नोकरी उरणार होती, मुलं लहान होती. तू ऐकलं नाहीस. पहिल्या निवडणुकीत तुझी अनामत गेली. दुसऱ्या वेळी थोडक्यात हरलीस. समोरचे लोक प्रत्येक सभेत म्हणायचे, मिठागरातली बाई, तिला विधानसभा काय कळणार. मी ते तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून धडपडायचे. तुला आधीच पोचलेलं असायचं.

तिसऱ्या निवडणुकीत एव्हरशाईन सिटीतल्या सभेचं भाषण मी लिहून दिलं होतं, बऱ्यापैकी गोड. समोर नोकरदार माणसं, सोसायट्यांमधल्या बायका, सगळे बाहेरून येऊन इथे स्थिरावलेले. तू माझा कागद घडी करून पर्समध्ये ठेवलास आणि त्यांना मीठ कसं पिकतं ते सांगितलंस. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, आणि मग उन्हात थांबायचं. घाई केली तर हाताला चिखल लागतो. "मी दोनदा उन्हात थांबले आहे," तू म्हणालीस. "आता मीठ धरलंय. काढायचं काम तुमचं." मी मागे उभी होते. बायका आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या, आणि टाळ्या थांबेनात. त्या दिवशी मला कळलं की या वेळी तू निवडून येणार.

निकालाच्या दिवशी गुलालाने तुझे केस, भुवया, दात सगळं लाल झालेलं. मिरवणूक जूचंद्रकडे निघाली होती. तू टेम्पोवरून उतरलीस आणि ड्रायव्हरला थांबायला सांगून, मला सोबत घेऊन, त्या कचेरीत शिरलीस. तेच साहेब होते. त्यांनी तुला ओळखलं की नाही कोण जाणे, पण गुलाल बघून ते उभे राहिले. तू हात जोडून म्हणालीस, "साहेब, तुम्ही सांगितलंत तशी वर पोचलेय. आता तिथे कोणाला भेटू तेवढं सांगा."

ते हसले, आणि खुर्ची सोडून तुला जिन्यापर्यंत पोचवायला आले.

सरकार तुमचं आलं नाही. ते तुमचं कधीच आलं नाही. तू निवडून येत राहिलीस आणि दर वेळी विरोधी बाकावर बसत राहिलीस. तुझ्या पहिल्या भाषणाची गोष्ट मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत इतक्यांदा सांगितली की शेवटी ती मीच तिथे असल्यासारखी सांगायला लागले. तू गावांना मिळणाऱ्या पाण्यावर बोलत होतीस आणि बोलता बोलता चढलीस, आणि 'पानी' म्हणून गेलीस. समोरच्या बाकांवर हशा पिकला. तू तो पुरता संपू दिलास. मग म्हणालीस, "अध्यक्ष महाराज, पाणी म्हणा, पानी म्हणा. माझ्या मतदारसंघात दोन्ही येत नाही." म्हणे त्यानंतर कोणी हसलं नाही, आणि नंतर एका मंत्र्याने तुला चहाला बोलावलं. तू गेलीस, चहा प्यालीस आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंत्र्याच्या खात्यावर प्रश्न टाकलास.

पाणी आलं, थोडंफार. रस्ते झाले. हॉस्पिटल मात्र होईना. तू दर अधिवेशनात विचारायचीस, उत्तर यायचं, तपासून पाहू. आणि तिथून आपला तो वाद सुरू झाला जो कधी संपलाच नाही. माझं म्हणणं साधं होतं. विरोधी बाकावरून आरडाओरडा होतो, भिंती उभ्या राहत नाहीत. भिंती सत्तेतला माणूस उभ्या करतो. तुझं म्हणणं, "सत्तेत सगले उत्तर देनारे. मग इचारनारा कोन?" मी म्हणायचे, विचारून रेखा परत येणार नाही. तू म्हणायचीस, न विचारताही येणार नाही. माझ्या वाडीतल्या ओटीवर आपण यावरून इतक्यांदा भांडलो की माझ्या सासूबाई आतून ओरडायच्या, तुमची विधानसभा बंद करा, मासळी करपतेय.

मग तो आठवडा आला.

तुझा पक्ष फुटला. निम्म्याहून जास्त आमदार एकेक करून पलीकडे गेले. तुला फोनवर फोन येत होते, घराबाहेर गाड्या उभ्या राहत होत्या. तू फोन बंद केलास, भावजींना सांगितलंस की बाहेरगावी गेलेय असं सांगा, आणि माझ्याकडे येऊन राहिलीस. आमच्या घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हतं. तू माझ्या वाडीत दोन दिवस शांत झोपलीस, केळीला पाणी सोडलंस, सासूबाईंना वालाच्या शेंगा सोलून दिल्यास.

आणि मला दळवीसरांचा फोन आला. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते सत्ताधाऱ्यांच्या जवळ गेले होते, त्यांना सल्लाबिल्ला द्यायचे. माणूस वाईट नाही, हे तुलाही ठाऊक होतं. रेखाला त्यांच्याच गाडीतून नेलं होतं आणि ते कधी विसरले नव्हते. ते म्हणाले, "सेलीन, वत्सला जर इकडे आली तर हॉस्पिटलला मान्यता मिळते. कागद तयार आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. फक्त एकदा तिला भेटायचंय."

मी त्यांना सांगितलं, ती माझ्याकडे आहे.

वच्छी, हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दोन वेळा उठावं लागलं. तू माझ्या भरवशावर आली होतीस आणि मी तुझा पत्ता दिला. फसवायचं म्हणून नाही. मला ते हॉस्पिटल हवं होतं, आणि तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं मला त्या दिवशी वाटलं.

दुपारी तिघे जण आले. गल्ली अरुंद म्हणून गाडी क्रुसापाशी ठेवून केळीतून चालत आले. दळवीसर, एक तरुण, नीटनेटका माणूस, आणि बॅग धरलेला त्यांचा ड्रायव्हर. तू ओटीवर बसली होतीस. त्यांना बघितल्यावर तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. उठून खुर्च्या मांडल्यास. मी चहा ठेवायला आत गेले आणि दाराआड उभी राहिले.

त्या तरुणाने मंत्रिपदाचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग दळवीसरांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "वत्सला, रेखाला आठव."

तुझा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो तसा एकदाच पाहिला, त्या गाडीतून उतरताना. तू कागद घेतलास. चष्मा लावून, ओठ हलवत, सगळा वाचलास. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलास.

"सर, हा खरा आहे?"

"खरा आहे. जागा ठरली आहे, खाटा ठरल्या आहेत, डॉक्टरांची पदंसुद्धा. सही तेवढी राहिलीये."

"सही का राहिलीये?"

सरांनी त्या तरुणाकडे बघितलं. तो तरुण म्हणाला, "तुमच्यासाठी, ताई."

तू कागदाची होती तशी घडी घातलीस आणि सरांच्या हातात परत दिलीस. आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "म्हणजे हॉस्पिटल होऊ शकतं. आजही होऊ शकतं. मी कुठल्या बाकावर बसते त्यावर बायकांनी कुठे बाळंत व्हायचं ते ठरणार असेल तर मी आहे तिथेच बरी. चहा घेऊन जा, सर. सेलीन चहा चांगला करते."

ते चहा पिऊन गेले. तू आत आलीस, स्वयंपाकघरातल्या चर्चच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने काहीतरी खरडलंस आणि हात धुतलेस. मी रडत होते, रागाने. मी म्हटलं, वच्छी, तुला हॉस्पिटल पाहिजे होतं की भांडण?

"दोनी," तू म्हणालीस. मग माझ्याजवळ बसलीस. "आज मी गेले तर आपलं होईल, सेलू. पन उद्या दुसऱ्या तालुक्यातल्या बायकांना पायजे असलं, आनि त्यांच्याकडे इकायला आमदार नसला, तर त्यांनी काय करायचं?"

मला जास्तच राग आला. तू दुसऱ्या दिवशी गेलीस. त्यानंतर तीन आठवडे मी तुझा फोन घेतला नाही. मला तुझा राग होता आणि स्वतःची लाज होती, आणि त्या दोन्हींचा गुंता मला सोडवता येत नव्हता. चर्चमध्ये जाऊन फादरकडे पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, तिलाच सांगा. ते काही मला जमलं नाही.

चौथ्या आठवड्यात तूच आलीस. चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेलीस, कॅलेंडरचं ते पान फाडलंस आणि माझ्यासमोर ठेवून म्हणालीस, प्रश्न लिहायचाय. पानावर एका रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात एक लांबलचक क्रमांक होता, मध्ये आडव्या रेघा, तिरक्या रेघा. मी विचारलं, हे काय. तू म्हणालीस, फायलीचा नंबर. त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होता. तू कागद दोनदा वाचलास तो हॉस्पिटलच्या तपशिलासाठी नव्हे, तू नंबर पाठ करत होतीस.

आपण तो प्रश्न लिहिला. नंबर मुद्दाम घातला नाही. नागपूरच्या अधिवेशनात तो लागला तेव्हा तू मला सोबत नेलंस. प्रेक्षक गॅलरीत मी पहिल्यांदाच बसले. छापील उत्तर आधीच हातात होतं: अशा रुग्णालयाचा प्रस्ताव तयार आहे, हे खरे आहे काय? हे खरे नाही. तू उपप्रश्नाला उभी राहिलीस. एवढीशी दिसत होतीस वरून, जांभळ्या साडीत.

"अध्यक्ष महाराज," तू म्हणालीस, "मंत्रीमहोदय म्हणतात असा प्रस्ताव नाही. त्यांच्या खात्यात फायली फार आहेत, शोधायला वेळ लागत असेल. मी त्यांना मदत करते." आणि तू तो सबंध क्रमांक, प्रत्येक आडव्या आणि तिरक्या रेघेसकट, कागदाशिवाय म्हणून दाखवलास. पाढे म्हणतात तसा. "या फायलीवर सगळे शेरे झालेले आहेत. एक सही राहिलीये. पेन नसेल तर माझं घ्या."

वरून मला समोरच्या बाकांवरचे चेहरे दिसत होते. मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांच्या दिशेने बघितलं. तिथला एक जण कागद चाळायला लागला. मग सत्ताधारी बाकांवरून एक बाई उठल्या, दूरच्या कुठल्या तालुक्याच्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्याही बायका वाटेत मरतात, सन्माननीय सदस्यांना उत्तर मिळालं पाहिजे. त्यांच्यामागे आणखी एक उठल्या. मी टाळ्या वाजवल्या. सुरक्षारक्षकाने मला दंडाला धरून बाहेर काढलं, त्यामुळे पुढचं मी ऐकलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रक्षक घाबरून विचारत होता, मावशी, बरं वाटत नाही का.

दोन दिवसांनी मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की फाईल सापडली आहे आणि तिला मान्यता देण्यात आली आहे.

त्या दोन दिवसांत पत्रकार तुझ्यामागे होते, नंबर कुठून मिळाला? तुझ्या पक्षाच्या पुढाऱ्यांनाही हवं होतं ते नाव, समोरच्यांना उघडं पाडायला. तू कोणालाही दळवीसरांचं नाव सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर त्यांची उरलेली अब्रू गेली असती. शोकसभेत ते तुला अजातशत्रू का म्हणाले ते मला हे लिहिताना आता कळतंय. मी उगाच हसले.

सही झाली म्हणजे इमारत झाली असं नाही, हे तू जाणून होतीस. तू मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला का ते बघणाऱ्या आश्वासन समितीच्या मागे लागलीस, कंत्राटदाराच्या मागे लागलीस, स्लॅब पडताना डोक्याला रुमाल बांधून उभी राहिलीस. मध्ये निवडणूक झाली, तू पहिल्यापेक्षा जास्त मतांनी आलीस, सरकार पुन्हा त्यांचंच आलं. आणि एक दिवस हमरस्त्याच्या अलीकडे ते हॉस्पिटल उभं राहिलं. तीन मजली, पांढरं, खिडक्यांना हिरव्या पट्ट्या.

उद्घाटनाच्या पत्रिकेत तुझं नाव नव्हतं. कोनशिलेवरही नव्हतं. मी चिडले. तू म्हणालीस, मना खुर्ची नको, मना आत जाऊन खाटा मोजायच्यात. आपण मांडवात बायकांच्यात बसलो. मंत्री यायचे होते. दारासमोर लाल फीत बांधलेली आणि फितीच्या पुढे, पोर्चच्या मधोमध, तुझ्या गावच्या मुलींनी रांगोळी काढली होती. जूचंद्रच्या मुलींची रांगोळी म्हणजे फोटो काढावा तशी. आयोजकांना त्यांनी नुसतं 'स्वागताची रांगोळी' असं सांगितलेलं. पहाटेपासून बसून त्यांनी तुझा चेहरा काढला होता. चष्मा, कपाळावरचं कुंकू, ओठाच्या कोपऱ्यातलं ते भांडायच्या तयारीतलं हसू, सगळं. कळलं तोवर मंत्र्यांची गाडी निघालेली. आयोजक एकमेकांकडे बघत होते. पुसायची तर गाव समोर बसलेलं, ठेवायची तर मंत्र्यांना बाजूने वळसा घालून आत जावं लागणार. तू लाजेने पदर डोक्यावर ओढून बसली होतीस आणि मी गालांतल्या गालांत हसत होते.

तेवढ्यात रस्त्यावरून एक रिक्षा आत वळली. मागच्या सीटवर एक बाई कळांनी ओरडत होती, तिची सासू बाहेर डोकं काढून हात जोडत होती. पोलिसाने रिक्षा अडवली. उद्घाटन व्हायचंय, थांबा. आयोजकही धावले, मंत्री पाच मिनिटांत येताहेत, थांबा.

तू उठलीस. इतक्या लोकांतून तू तिथे कशी पोचलीस ते मला अजून कळलेलं नाही. तू ती फीत हाताने ओढून सोडलीस आणि रिक्षावाल्याला म्हणालीस, "घाल आत."

तो रांगोळी बघून थबकला. तुझा चेहरा त्याच्या चाकासमोर होता आणि तू त्याच्या बाजूला उभी होतीस. तो कधी खाली बघे, कधी तुझ्याकडे.

"बघतोस काय? घाल म्हटलं ना. मीच आहे ती, माझं काय जातं?"

रिक्षा तुझ्या चेहऱ्यावरून थेट दारापर्यंत गेली. मुलींनी तोंडावर हात ठेवले आणि मग त्याच सगळ्यांच्या आधी ओरडल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. सगळा मांडव उभा राहिला. नर्स स्ट्रेचर घेऊन धावत बाहेर आल्या. मंत्र्यांची गाडी फाटकात शिरली तेव्हा हॉस्पिटल सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

मंत्रीही खमके निघाले, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. काय झालं ते कळल्यावर ते हसले आणि माईकवरून म्हणाले, ताईंनी उद्घाटन केलंच आहे, आता दोन शब्दही त्यांनीच बोलावेत. लोकांनी तुला स्टेजवर ढकललं. मला वाटलं, आता तू रेखाचं नाव घेशील, आता तू रडशील, आणि मीही तयार झाले रडायला. तू माईक हातात घेतलास, घसा साफ केलास.

"मंत्रीमहोदय, इमारत झाली, आभार. मी आता आत जाऊन आले. भूल देणारा डॉक्टर नाही. पद मंजूर आहे, माणूस नाही. कधी देता?"

मग लोक जे हसले, जे टाळ्या वाजवायला लागले, ते मंत्र्यांनी हात वर करून "पंधरा दिवसांत" असं जाहीर करेपर्यंत थांबले नाहीत. तू लगेच स्टेजवरूनच मला बोट दाखवून सांगितलंस, सेलीनबाई, तारीख लिहून घ्या. आणि डॉक्टर आले, वच्छी. पंधरा दिवसांच्या आतच.

आतल्या बाईला मुलगा झाला, आपण मांडवातच होतो तेव्हा निरोप आला. तू स्टेजवरून उतरत होतीस. मी तुझा चेहरा बघत होते. तू क्षणभर पायरीवर थांबलीस, कठड्याला धरून. मग उतरलीस.

नंतर भावजी रिक्षा बघायला गेले आणि आपण रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत उभ्या राहिलो. मांडव सोडायला सुरुवात झाली होती. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, वच्छी, तुला एक सांगायचंय. माझ्या वाडीत ते लोक आले होते ना, तेव्हा...

"तूच सांगितलंस ते ना?" तू चहाकडे बघत म्हणालीस. "मना तेव्हाच कललं. तुझ्या वाडीची वाट तुझ्याशिवाय कोन दाखवनार?"

तू एक घोट घेतलास.

"बरं झालं सांगितलंस. ते आले नसते तर फायलीचा नंबर मना कोन देनार होता?"

मला माफी मागायची होती, वच्छी. इतकी वर्षं तयार करून ठेवली होती, चांगली लांबलचक, तू खोडलीच असतीस अशी. ती तिथेच राहिली, आणि आभार मानायचेही राहिले. म्हणून इथे दोन्ही लिहून ठेवतेय. बाकावरचा आपला तो वाद मी हरले हे मात्र मी कुठेही लिहून देणार नाही. पंधरा दिवसांत डॉक्टर दिला तो सत्तेतल्याच माणसाने.

त्या दिवशी मग भावजी रिक्षा घेऊन आले आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. तू आत सरकलीस, शेजारची जागा हाताने झाडलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "बस लवकर. उद्याचा प्रश्न लिहायचाय."